उन्हानं फुगणारी नदी

शनिवार, नागपूर

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की नागपुरात माणूस दोनच चौकशा करतो: पारा किती चढला आणि नळ कधी येणार. 2024 च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं 56 अंश दाखवले होते. तो यंत्राचा दोष निघाला, पण ऐकलं तेव्हा खोटं कुणालाच वाटलं नव्हतं. अशाच उन्हात संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिघं हिमाचलकडे निघालो. मी, माझा धाकटा भाऊ आणि वहिनी. भाऊ काटोलकडे असतो, संत्र्याची बाग आहे. मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले.

भावाला थंडी हवी होती आणि वहिनीला बर्फ पाहायचा होता. माझं कारण वेगळं. सगळी नोकरी धरणांवर गेली आणि मे महिना म्हणजे पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचा आकडा रोज खाली उतरताना बघायचा महिना, हे डोक्यात पक्कं बसलं. आमच्या पेंचला, कन्हानला पाणी येतं ते सातपुड्यात पाऊस पडल्यावर. पाऊस लांबला की येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, शून्य. जुलै 2019 मध्ये असाच लांबला, वर मध्य प्रदेशात चौराईचं धरणही झालेलं, आणि शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. मला ती नदी बघायची होती जिला भर उन्हाळ्यात, आभाळात ढगही नसताना पाणी वाढतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पाण्याची पातळी मोजायच्या गेज पट्टीवर पाहिलेलं नव्हतं.

काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई. भाऊ खिडकीतून दुसऱ्यांच्या बागा बघत होता आणि कुणाची किती वाळली याचा हिशेब वहिनीला देत होता. मुलताईला तापीचा उगम, वर्ध्याचाही तिथूनच जवळ. दोन्ही पावसाच्या लेकी. अंधारात नर्मदेचा पूल धडधडत गेला तोवर वहिनीच्या डब्यातल्या पुऱ्या आणि जवसाची चटणी संपली होती.

रविवार

दिल्ली, मग चंदीगड. ऊन आमच्याच तोडीचं. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

सोमवार, चंदीगड ते कुल्लू

टॅक्सीचा चालक मंडीकडचा. किरतपूर सोडलं की नवा चौपदरी रस्ता बोगद्यांतून आणि पुलांवरून बिलासपूरकडे जातो. चहाला गावात थांबलो. खाली गोविंदसागर, म्हणजे भाक्रा धरणाचा जलाशय. पाणी बरंच आत गेलेलं आणि गाळाच्या मैदानात दगडी मंदिरांचे कळस उघडे पडलेले. धरण झालं तेव्हा जुनं बिलासपूर पाण्याखाली गेलं. दरवर्षी उन्हाळ्यात ही मंदिरं वर येतात आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतात.

भाऊ म्हणाला, "ताई, हे त आपल्या तोतलाडोहासारखंच रिकामं हाय."

दिसायला तसंच, पण हिशेब उलटा. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात धरण तळाला असतं आणि पुढचा येवा कधी येईल ते वरुणराजाला ठाऊक. भाक्र्याचं भरण्याचं वर्ष मात्र मेच्या अखेरीसच सुरू होतं. मान्सून अजून केरळ-कोकणाच्या वाटेवर असतो आणि इकडे सतलजमध्ये बर्फाचं पाणी उतरायला लागलेलं असतं. 226 मीटर उंचीचं हे धरण बांधणाऱ्यांनी आधी बर्फ आणि मग पाऊस, असे दोन हप्ते गृहीत धरले होते. आम्हाला एकच हप्ता, आणि तोही बेभरवशाचा.

रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला आहे. भाक्र्यापाशी सतलजच्या वर्षभराच्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांचा वाटा सुमारे 59 टक्के. चिनाबमध्ये अखनूरपाशी 49, बियासमध्ये पंडोहपाशी 35, गंगेत देवप्रयागपाशी 29. साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकलं की पावसाचा वाटा वाढतो. पंजाब-हरयाणातली धानाची शेतं आणि त्यावर चालणारं देशाचं रेशन यामागे हे 59 टक्के आहेत. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धानामागे शून्य. मी हे आकडे सांगत होते तेव्हा वहिनी झोपली होती. भाऊ जागा होता, पण त्याचं लक्ष रस्त्याकडेला लागलेल्या आंब्यांच्या ढिगाकडे होतं.

दुपारनंतर पंडोहचं धरण दिसलं. इथून बियासचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून सतलजकडे वळवलं आहे. खात्यातली सवय, मी उतरून दहा मिनिटं बघत राहिले. पाणी राखाडी होतं, सिमेंट कालवल्यासारखं. हिमनदी खडक घासत सरकते, तेव्हा पिठासारखी बारीक पूड होते आणि ती पाण्यात तरंगत राहते. टर्बाइनच्या पात्यांना ही पूड कुरतडून खाते, म्हणून इकडच्या वीजकेंद्रांचं गाळाशी कायमचं वैर.

मंगळवार, कुल्लू ते मनाली

सकाळी एका सफरचंदाच्या बागेत गेलो. मालक चालकाच्या ओळखीचा, साठीचा गृहस्थ. फळं अजून अक्रोडाएवढी, हिरवी. आमच्या भावाचे हातपाय इथं पहिल्यांदा सैल झाले. बागायतदाराला बागायतदार भेटला की भाषा आडवी येत नाही. छाटणी, फवारणी, व्यापारी किती कापतो, सगळं पाच मिनिटांत बोलून झालं.

मग बर्फाचा विषय निघाला. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडी लागते, साधारण 7 अंशांच्या खालची. जुन्या डिलिशस जातींना असे हजारावर तास हवेत. थंडी कमी पडली की फुलोरा एकसारखा येत नाही, एक फांदी फुलते तर दुसरी झोपलेली. इकडचे लोक बर्फाला पांढरं खत म्हणतात. तो हळूहळू मुरतो, मुळाशी ओल धरून ठेवतो, किडीला मारतो. कुल्लूच्या खालच्या पट्ट्यात आता अनेकांनी सफरचंद काढून डाळिंब, जपानी फळ, किवी लावली आहे. सफरचंद वर सरकत सरकत लाहौलपर्यंत पोचलं आहे.

"डाळिंब?" भाऊ हसला. "बाप्पा, सांगोल्याचं पीक हिमालयात!"

त्यानं मग संत्र्याच्या बागेला द्यायचा ताण समजावून सांगितला. मृग बहार घ्यायचा तर मे महिन्यात संत्र्याचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मृगाच्या पावसात झाड खडबडून फुलतं. पाऊस वेळेवर आला तर. तीन आठवडे लांबला तर झाड पानं टाकतं आणि फूलही गमावतं. समोरच्या गृहस्थांनी मान हलवली. दोघांची झाडं वेगळी, पण दोघांचंही सगळं एका वेळापत्रकावर टांगलेलं. "पाणी कमी झालं त्याचं एवढं नाही," ते हिंदीत म्हणाले, "त्याची तारीख चुकली, ते जास्त नडतं." जानेवारी 2024 हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला होता. बर्फ पडला तो नंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये.

हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण बाहेरचा माणूस एकूण बर्फ मोजतो आणि बरोबरी झाली म्हणून समाधान मानतो. डिसेंबर-जानेवारीत पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीत बसतो, दाबला जातो, घट्ट होतो, आणि उन्हाळ्यात टिकून राहतो. मार्चमधला बर्फ ओला, सैल. वर ऊन तापायला लागलेलं असतं. तो पंधरवड्यात वाहून जातो. त्यातही तापमान जरा वाढलं की जिथं हिम पडायचं तिथं पाऊस पडतो, आणि पाऊस डोंगरावर थांबत नाही.

तो थांबला नाही तर काय होतं, ते बियासच्या काठाला लिहिलेलं आहे. 9 आणि 10 जुलै 2023 ला पाऊस कोसळला आणि नदीनं कुल्लू ते मनालीचा रस्ता जागोजाग खाल्ला. अजूनही काठानं वाळूचे ढीग, घराएवढे धोंडे आणि एका हॉटेलची तुटलेली भिंत दिसते. आम्हाला याची कल्पना होती. त्याच वर्षी सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीनं एका रात्रीत नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरवलं. वहिनीची मावशी तेव्हा पहिल्या मजल्यावर अडकली होती.

बुधवार, मनाली ते केलाँग

अटल बोगदा 9.02 किलोमीटरचा, 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेला. एका तोंडानं आत शिरलो तेव्हा देवदार होते, दुसऱ्या तोंडानं बाहेर पडलो तर उघडे तपकिरी डोंगर आणि डोक्यावर बर्फ. मान्सूनचे ढग पीर पंजाल ओलांडून इकडे फारसे येत नाहीत. लाहौलचं पाणी म्हणजे हिवाळ्यात पश्चिमी झंझावातांनी आणलेला बर्फ, दुसरं काही नाही.

सिस्सूला धबधब्याचे फोटो झाले. त्याच गावाच्या वर घेपनच्या हिमनदीपाशी एक तलाव आहे. हिमनदी मागे सरते तशी पुढच्या दगडमातीच्या बांधामागे पाणी साठून तो वाढत गेला आहे. असा बांध म्हणजे ना दगडांचं पिचिंग, ना सांडवा, ना गेट. आमच्या खात्यात असलं धरण कुणी दाखवलं असतं तर खालचं गाव त्याच संध्याकाळी हलवलं असतं. इथं खालच्या गावात पर्यटक झिपलाइन खेळतात.

तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात. दोन्ही बारालाच्या खिंडीच्या दोन अंगांना उगम पावतात, डोंगराला वळसा घालून इथं भेटतात, आणि पुढे चंद्रभागा, जम्मूकडे चिनाब. चंद्रभागा म्हटल्यावर वहिनीनं गाडी थांबवायला लावली, चपला काढल्या आणि पाण्याला हात लावून आली. पंढरपूर इथून दोन हजार किलोमीटरवर आहे हे मी बोलले नाही. हात मात्र तिनं लगेच पदरात लपवला, इतकं गार पाणी.

मुक्काम केलाँगजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी. संध्याकाळी त्यांच्याबरोबर वाटाण्याच्या वाफ्यात गेलो. रोप वीतभर. बटाटा, फ्लॉवर, वाटाणा ही इथली रोकड पिकं, आणि पेरणी वर्षातून एकदाच. वाफ्याच्या कडेनं हातभर रुंद चर वाहत होता, त्याला कूल म्हणतात. चर डोंगराच्या कडेकडेनं मागे जात जात वरच्या एका नाल्याला जाऊन भिडतो.

भावानं विचारलं, "खाली एवढी मोठी नदी वाहून राह्यली, त वरून कशाले आणता पाणी?"

शेतकऱ्यानं बोटानं खाली दाखवलं. नदी दरीत इतक्या खोल आहे की तिथून पंपानं पाणी चढवायचं तर विजेच्या बिलात वाटाणा जाईल. शेती सगळी बाजूच्या लहान नाल्यांवर. आणि हे नाले दोन जातींचे. ज्याच्या माथ्यावर हिमनदी आहे तो ऑगस्टपर्यंत वाहतो. ज्याच्या माथ्यावर नुसता हिवाळ्याचा बर्फ, तो बर्फ संपला की संपला. त्यांचा नाला दुसऱ्या जातीचा. पूर्वी जुलैमध्ये शेंगा भरेपर्यंत साथ द्यायचा. आता मेमध्येच जोर करतो, जेव्हा रोपाला घोटभर पुरतं, आणि ऐन गरजेच्या वेळी चराला चिखल उरतो. गावात पाण्याच्या पाळ्या आहेत, आमच्याकडच्या कालव्यावरच्या वाराबंदीसारख्या, आणि भांडणंही तशीच.

कागदावर नदीचा वार्षिक विसर्ग तेवढाच, कदाचित वाढलेलाही. वाफ्यात मात्र दुष्काळ. मी वर्षानुवर्षं दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये लिहिलं, तारखेचा रकाना होता, पण त्याच्याकडे लक्ष कुणाचं जायचं.

2025 मध्ये इसिमोड या काठमांडूच्या संस्थेनं हिंदुकुश-हिमालयाचा हिमअहवाल काढला. त्या नोव्हेंबर ते मार्चमध्ये जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी होतं, 23 वर्षांतलं सर्वांत कमी. शेतकऱ्याला मी आकडा सांगितला. त्यानं विचारलं, यात आमचा नाला धरला आहे का?

गुरुवार, बातल

चालकानं पहाटे साडेचारला उठवलं. वहिनी कुरकुरली. तो म्हणाला, "ग्यारह के बाद नाला अपना नहीं रहता." कोकसरवरून ग्रम्फूला वळलं की डांबर संपतं. छतरूच्या पुढे तर रस्ता म्हणजे नदीनं आपल्याला वापरू दिलेला तिचाच काठ. नुकताच उघडला होता. काही ठिकाणी दोन्हीकडे बर्फ कापून केलेल्या भिंती, माणसाहून उंच, वरून धुळीनं काळवंडलेल्या. ही काजळी-धूळ ऊन शोषते आणि खालचा बर्फ लवकर विरघळवते.

नाले रस्त्यावरूनच वाहतात, पूल नाही. सकाळी आठ-नऊला गाडीची अर्धी चाकंही बुडत नव्हती. वहिनी म्हणाली, एवढ्यासाठी झोपमोड केली!

बातल म्हणजे चंद्रेवरचा पूल, दोन-तीन ढाबे आणि वारा. उंची जवळजवळ 4,000 मीटर. आल्या आल्या वहिनीचं डोकं धरलं, तिला डाळ-भात खाऊ घालून रजईत झोपवलं. मी ढाब्यामागच्या नाल्याकडे गेले. काठाशी एक सपाट तोंडाचा धोंडा पाण्यात उभा होता. गेज पट्टी कुठली आणणार? वहिनीच्या पर्समधली नेलपॉलिशची बाटली घेतली आणि पाणी टेकत होतं तिथं लाल रेघ मारली. दहा वाजले होते. पाणी काचेसारखं, तळाचा खडा न् खडा दिसत होता.

आभाळ निरभ्र. ढगाचं नाव नाही.

बाराला रेघ बुडाली होती, वर दोन बोटं पाणी. दुसरी रेघ. दीड वाजता चार बोटं आणि रंग गढूळ. भाऊ आला, धोंड्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "ताई, पाऊस कुठी पडून राह्यला वर?" कुठंच नाही. तीनला पहिली रेघ वीतभर खाली गेली होती आणि पाणी पंडोहला पाहिलेल्या राखाडी रंगाचं झालं होतं. साडेचारला धोंड्यापर्यंत जाणं मी सोडून दिलं. पाण्याखालून आवाज येत होता, गडड-गडड, मोठे गोटे तळाशी लोळत होते. आपल्याकडे असा आवाज ऐकू आला तर मी वायरलेसवर सावधगिरीचा संदेश दिला असता. इथं ढाबेवाला निवांत चहा गाळत होता. सहाच्या सुमाराला एक भाड्याची गाडी पलीकडच्या तीराला येऊन थांबली. चालक उतरला, पाण्याकडे पाहून परत गाडीत बसला. ती मंडळी रात्री तिकडेच राहिली असावीत.

ऊन कडक असतं बारा-एकला आणि पाणी जास्तीत जास्त चढलं पाच-सहाला. हा उशीर बर्फाचा. वरच्या थरातलं वितळलेलं पाणी खालच्या थरांतून झिरपत, मुरत उतरतं. बर्फाचा थर जाड असेल तर वेळ जास्त लागतो. ऋतू पुढे सरकला, वरचा बर्फ उडाला आणि हिमनदीचा निळा बर्फ उघडा पडला की पाणी थांबत नाही, भराभर आणि एकदम येतं. म्हणजे जाड बर्फ नदीला नुसतं पाणी देत नाही, तिला सावकाश चालायला लावतो. सांडव्याच्या गेटचं काम करतो. बर्फ लवकर गेला की गेटच नाही.

येताना छतरू आणि बातलच्या मध्ये, नदीपलीकडे, छोटा शिगरी हिमनदीची बाजू दिसली होती. नऊ किलोमीटर लांब. 2002 पासून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आणि फ्रेंच शास्त्रज्ञ तिचा दरवर्षी ताळेबंद करतात. हिवाळ्यात किती बर्फ जमा, उन्हाळ्यात किती खर्च. बर्फात बांबूच्या काठ्या रोवायच्या, उन्हाळाअखेर किती काठी उघडी पडली ते मोजायचं. नेलपॉलिशचीच सुधारलेली आवृत्ती म्हणा. सरासरी निघते ती अशी की दरवर्षी सुमारे अर्धा मीटर पाण्याइतकी जाडी कमी होते. याच चंद्रेच्या खोऱ्यात 2016 मध्ये 'हिमांश' हे संशोधन केंद्र सुरू झालं, आणि ते चालवते गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था. समुद्रकाठची माणसं इतक्या उंचीवर येऊन बर्फ मोजतात, याचं मला फार कौतुक वाटलं.

रात्री ढाब्यात शेगडीभोवती भावानं सरळ प्रश्न केला. बर्फ जास्त वितळला तर पाणी जास्त आलं. मग बोंब कशाची?

आज बरोबर आहे. हिमनदी आटत असते त्या काळात नदीला जादा पाणी मिळतं. त्या भरवशावर वीजकेंद्रं उभी राहतात, कालवे लांबवले जातात, पाण्याचे करार होतात. पण आटत आटत हिमनदी लहान झाली की तापमान कितीही वाढलं तरी वितळायला बर्फच उरत नाही, आणि जादा पाणी तर जातंच, मूळचंही घटतं. हिमालयातल्या बऱ्याच खोऱ्यांत जादा पाण्याचा हा उंच माथा या शतकाच्या मध्याच्या आसपास येईल असा अंदाज आहे. इसिमोडच्या 2023 च्या अहवालात म्हटलं आहे की 2011 ते 2020 या दशकात या भागातल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगानं आटल्या. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर या पर्वतांतला तिसरा हिस्सा बर्फ जाणार, हे त्याच संस्थेनं 2019 मध्येच सांगितलं होतं.

भाऊ जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे कणगीतलं बियाणं दळून खाऊन राह्यले. भाकरी त मोठी दिसते."

मी इतकी वर्षं अहवाल लिहिले, पण हे इतकं नेमकं मला जमलं नसतं.

शुक्रवार

पहाटे पाचला बॅटरी घेऊन नाल्यावर गेले. पाणी पहिल्या रेघेच्याही चार बोटं खाली. कडेला कागदाएवढ्या जाडीचा बर्फाचा पापुद्रा, बोट लावलं की मोडायचा. लाल रेघा जशाच्या तशा. नेलपॉलिशला दाद द्यायला हवी. त्या धोंड्यावर आमच्या कुठल्याही वर्षाचा आलेख बसला नसता. पेंचला असं रोजचं भरती-ओहोटीचं काही नाही. तिथं एक पाऊस, एक लोंढा, आणि मग कोरडं पात्र.

चंद्रताल सरोवर 14 किलोमीटरवर होतं, पण वहिनीची डोकेदुखी उतरली नव्हती आणि अशा वेळी अजून वर चढणं वेडेपणा. भाऊ थोडा हिरमुसला. उजाडताच नाले ओलांडून खाली निघालो. काल संध्याकाळी अडकलेली गाडी आमच्या पुढेच चालली होती.

शनिवार, परतीची वाट

मनाली, मंडी, चंदीगड, गाडी. चालकानं बिलासपूरला विचारलं, थांबू का? मंदिरांचे कळस अजून वरच होते.

रविवार, रेल्वेत

वेळ भरपूर. आमच्या डब्यात एक नागपूरचे निवृत्त प्राध्यापक भेटले. मी बर्फाचं बोलायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं की आपल्याकडे बर्फाचा थेंब नाही, मग या सगळ्याशी विदर्भाचा काय संबंध? प्रश्न रास्त होता. पेंच, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, या पूर्ण साखळीत हिमालयाचं पाणी नाही.

संबंध जुना आहे, फक्त वाऱ्याच्या वाटेनं आहे. हेन्री ब्लॅनफर्ड हा भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख. त्यानं 1884 मध्ये दाखवलं की हिमालयात हिवाळी-वसंतातला बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत टिकला की पुढचा मान्सून कमजोर निघतो. जमीन तापायला उशीर, म्हणून वारे ओढले जायला उशीर. दोन वर्षांनी खात्याचा मान्सूनचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला, तो याच बर्फाकडे बघून. आता हा नियम पूर्वीइतका सरळ चालत नाही. समुद्राच्या तापमानानं आणि एकूण तापमानवाढीनं त्याची गणितं बिघडवली आहेत. प्राध्यापक म्हणाले, मग कमी बर्फ म्हणजे आपल्याला चांगला पाऊस, असं धरायचं का? मी म्हटलं, धरू नका. 1884 चा माणूससुद्धा आज तसं धरणार नाही.

नरखेडच्या आसपास भावाचा फोन वाजला. बागेवरचा सालदार. मृग लागून दिवस झाला होता आणि काटोलला ढगही दिसत नव्हता. ताणावरची झाडं फार मलूल झाली आहेत, पाणी सोडू का, असं विचारत होता.

"विहिरीत किती हाय?"

"आठ हात."

भावानं फोन हातानं झाकून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आठ हातांत पूर्ण बागेचं ओलित होत नाही आणि सगळी बाग ठेवली तर पानगळीची भीती.

"अर्ध्याले सोड," तो सालदाराला म्हणाला. "खालच्या अंगाची. वरच्या अर्ध्याले पाऊस येऊ दे. पंधरा तारखेपर्यंत नाई आला त पुन्हा फोन कर."

मग त्यानं माझ्याकडची वही मागून घेतली आणि कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत पाणी सोडलं, ते तारखेसकट लिहून ठेवलं.